एक्केचाळीस जणांची रजा

पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत पहिल्या मजल्यावर, जिना संपतो तिथेच एक खिडकी आहे. त्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना सगळं खातं रजाबाई म्हणायचं. तोंडावर नाही, पण त्यांच्या कानावर जाईल इतपत मोठ्यानं. बाईंनाही ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. चोपन्न वर्षांचं वय, त्यातली एकतीस वर्षं याच टेबलावर गेलेली. साडेपाचशे माणसांची सेवापुस्तकं त्यांच्या कपाटात होती आणि कोणाची किती रजा शिल्लक आहे हे पुस्तक न उघडता सांगायची त्यांची ख्याती होती. ख्याती चांगली की वाईट, ते विचारणाऱ्यावर अवलंबून.

"बाई, अर्धा दिवस इकडचा तिकडे करा की," असं कोणी लाडीगोडी लावत आलं, की त्या चष्म्यावरून बघत म्हणत, "माझा असता तर दोन दिले असते. हा खात्याचा आहे." माणूस आल्या पावली परत जायचा आणि जिन्यात बडबडायचा.

त्या वर्षी ऑक्टोबरात शहरात काविळीची साथ आली. आधी एका पेठेत दहा-बारा पेशंट, मग शेजारच्या पेठेत, आणि बघता बघता इस्पितळाच्या व्हरांड्यात खाटा टाकाव्या लागल्या. पिण्याच्या पाण्यात कुठून तरी सांडपाणी मिसळतंय हे उघड होतं. कुठून, ते मात्र कोणाला सांगता येईना. जमिनीखाली पाइपांचं जाळं इतकं जुनं, की अर्ध्याअधिकाचे नकाशेच नव्हते. एकोणतीस तारखेला खात्याच्या मोठ्या साहेबांनी आदेश काढला : सर्वांच्या रजा रद्द, पुढील सूचनेपर्यंत कोणाचाही रजेचा अर्ज घेऊ नये. आदेश टाइप केला रजाबाईंनीच. पाच मिनिटांचं काम होतं ते.

पुढचे अडीच महिने खात्यातल्या माणसांनी घर फक्त कपडे बदलण्यापुरतं पाहिलं. पंपावरचे लोक दुहेरी पाळ्या करत होते. प्रयोगशाळेतली ताई, एक तिशीतली अबोल मुलगी, दिवसाला ऐंशी-नव्वद बाटल्यांतलं पाणी तपासत होती. आणि चावीवाले गल्लीबोळांतून फिरत एकेक व्हॉल्व्ह बंद करून, एकेक तुकडा अलग पाडून, दोष कुठल्या तुकड्यात आहे ते हुडकत होते. अखेर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका शाळेसमोरच्या रस्त्याखाली तो दोष सापडला. पाण्याचा पाइप आणि गटाराचा पाइप एकमेकांवरून जात होते आणि दोन्हीही कुजले होते. तो शोधला एका चावीवाल्यानं. लोखंडी सळईचं एक टोक जमिनीवर टेकवून दुसरं टोक कानाशी धरायची आणि खालच्या पाण्याचा आवाज ऐकायचा, ही त्याची जुनी रीत होती. यंत्रं आणलेल्या माणसांनी तिची आधी थट्टा केली होती.

पण दोष सापडायच्या आत वर्ष संपलं होतं. खात्याचा नियम असा, की वर्षाला तीस दिवस रजा. एकतीस डिसेंबरला शिल्लक असेल त्यातले दहाच दिवस पुढच्या वर्षात जातात, वरचे सगळे व्यपगत. म्हणजे गेले. जानेवारी उजाडला की रजाबाई लाल पेन घेऊन बसत आणि पानापानावर तो शब्द लिहीत. एरवी तीन-चार जणांच्या नावावर लिहावा लागे. या वर्षी लिहिता लिहिता पेन दोनदा सुकलं. एक्केचाळीस जण झाले.

त्यांनी ते लिहिलं, शाई वाळवली आणि पुस्तकं कपाटात ठेवली.

दोन दिवसांनी तो चावीवाला खिडकीशी आला. सत्तावन्न वर्षांचा, उंच, वाकलेला माणूस. पँटचे गुडघे चिखलानं कायमचे रंगलेले. खिडकीशी येणारे बहुतेक लोक आल्या आल्या भांडायला लागत. हा बराच वेळ नुसताच उभा राहिला.

"बोला दादा," बाई म्हणाल्या.

"बाई, माझे वीस दिवस गेले असं मुकादम म्हणाले. खरंय का?"

"खरंय."

"परत नाही का मिळत?"

"व्यपगत झालेली रजा परत मिळत नाही."

त्यानं मान हलवली. मग, जसं काही दुसऱ्याच कोणाबद्दल सांगतोय अशा आवाजात तो बोलत गेला. त्याच्या बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन करायचं होतं. दोन वर्षं ती भिंत धरून चालत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशननंतर पाच आठवडे घरात उचलायला-बसवायला माणूस हवा, नाहीतर ऑपरेशन करूच नका. मूलबाळ नव्हतं. म्हणून त्यानं वर्षभर एकही रजा न घेता तीसच्या तीस दिवस साठवले होते. नोव्हेंबरच्या दोन तारखेपासून तो जायचा होता. एकोणतीसला आदेश आला. इस्पितळानं आता पाच मार्चची तारीख दिली होती.

"दहा पुढे आले, मार्चपर्यंत पाच जमतील. पंधरा होतात," तो म्हणाला. "पस्तीस लागतात."

"बिनपगारी घ्या."

"मग खायचं काय, बाई?" तो हसला. "असू दे. विचारून बघावं म्हटलं. तुम्हाला नियम पाठ आहेत, एखादा असता तर तुम्ही सांगितलाच असता."

तो गेला. खरं तर इथे विषय संपायला हवा होता. पण ते शेवटचं वाक्य बाईंच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. त्यांना नियम पाठ होते म्हणजे रोज लागणारे पाठ होते. आणि ज्या आदेशानं या माणसाचं सगळं फिसकटलं, तो आपण पाच मिनिटांत टाइप करून चहाला गेलो होतो, हेही त्यांना आठवलं.

संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करी. शांत माणूस. तो म्हणाला, "अगं, तू तर नेहमी म्हणतेस, नियम म्हणजे नियम."

"म्हणते ना. पण सगळा नियम वाचलाय की नाही, ते बघायला नको?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी रजानियमांचं जाडजूड पुस्तक काढलं. त्याच्या पानापानांत दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. काही चिठ्ठ्यांवर आणखी चिठ्ठ्या. तिसऱ्या दिवशी, डब्यातली पोळी हातात तशीच राहून, त्यांना ती सापडली. अकरा वर्षांपूर्वीची दुरुस्ती. कोपऱ्यात चिकटवल्याची तारीख त्यांच्याच अक्षरात होती. चिकटवली होती त्यांनीच, वाचली मात्र नव्हती.

चिठ्ठीत लिहिलं होतं, की सार्वजनिक आणीबाणीमुळे कर्मचाऱ्याला रजा घेता आली नाही आणि ती व्यपगत झाली, तर ती परत जमा करता येते आणि पुढची दोन वर्षं वापरता येते. अटी तीन होत्या. आणीबाणी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे खातेप्रमुखानं लेखी जाहीर करायला हवं. आणीबाणीआधीच रजा लेखी मंजूर झालेली हवी. आणि आणीबाणी संपल्यापासून साठ दिवसांत प्रस्ताव मुख्यालयात पोचायला हवा.

बाईंनी पुस्तक बंद केलं आणि कंबर कसली.

पहिलं घोडं साहेबांपाशीच अडलं. साथ सुरू झाल्याचा आदेश होता; संपल्याचा काढायला साहेब तयार होईनात.

"बाई, मी आज लिहून द्यायचं की साथ संपली, आणि उद्या एक पेशंट निघाला तर? वर्तमानपत्रवाले माझी सालं काढतील."

"तुम्ही लिहिलं नाही तर एक्केचाळीस जणांचे दिवस जातील, साहेब."

"जाऊ देत म्हणत नाही मी. थोडं थांबा."

बाई थांबल्या नाहीत. त्या तडक तळमजल्यावर प्रयोगशाळेत गेल्या. ताई बाटल्यांवर नंबर टाकत होती. पाणी स्वच्छ झालं असं कधी म्हणता येतं, हे बाईंनी तिला विचारलं. ती म्हणाली, सलग चौदा दिवस सगळे नमुने स्वच्छ निघाले की म्हणता येतं, तसं तपासणीच्या नियमांत आहे. आज नववा दिवस.

पंधराव्या दिवशी सकाळी बाई चौदा अहवालांचा गठ्ठा आणि टाइप केलेला आदेश घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "हे तुम्ही म्हणत नाही, साहेब. हे पाणी म्हणतंय. तुम्ही फक्त सही करताय."

साहेबांनी गठ्ठा चाळला, उगाच पेन शोधलं आणि सही केली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "ते लेखी मंजुरीचं मात्र अवघड दिसतंय. निम्म्या लोकांना तोंडीच 'जा' म्हटलेलं असतं. एक करा ना, सगळ्यांचे अर्ज ऑक्टोबरच्या तारखेनं लिहून घ्या. मी सह्या करतो. कोण बघतंय?"

"मी बघतेय," बाई म्हणाल्या.

साहेबांनी पेनला टोपण लावलं. बाईंनाही आपण जरा जास्तच बोललो असं वाटलं, पण माघार घ्यायची नव्हती. खोट्या तारखेचा एक कागद सापडला असता तरी खऱ्या चाळीसांवर कोणी विश्वास ठेवला नसता.

फायलींत सतरा जणांचे मंजुरी आदेश मिळाले. उरले चोवीस. त्यांचे अर्ज होते ते कुठल्या तरी मुकादमाच्या खिशात, नाहीतर कोणाच्या टेबलाच्या खणात, नाहीतर नव्हतेच. एकतीस वर्षांत बाईंनी पंपघर आतून पाहिलं नव्हतं. आता त्या रोज दुपारी कचेरीतून निघू लागल्या. एक दिवस पंपघर, एक दिवस गाळण केंद्र, एक दिवस टाक्या. पंपांच्या घरघराटात त्या ओरडून विचारत, "नोव्हेंबरचा ड्युटीचा तक्ता कुठाय?" लोक आधी बावरत. रजाबाई स्वतः आल्यात म्हटल्यावर आपलं काहीतरी चुकलंय असंच प्रत्येकाला वाटे.

तक्ते ही त्यांची कल्पना होती. कोणाला रजेवर सोडायचं ठरलं, की त्याच्या जागी बदली कोण, हे मुकादम पुढच्या महिन्याच्या तक्त्यात आधीच लिहितो आणि खाली सही करतो. नोव्हेंबरचे तक्ते ऑक्टोबरच्या पंचवीस तारखेलाच तयार झालेले होते. म्हणजे सही होती, तारीख होती, रजा कधीपासून तेही होतं. पंपघरातला तक्ता भिंतीवरच मिळाला, त्यावर पुढच्या तीन महिन्यांचे तक्ते डकवलेले. बाईंनी ओल्या फडक्यानं ते एकेक करून सोडवले. गाळण केंद्रातला तक्ता एका कपाटाच्या फळीवर अंथरलेला निघाला, त्यावर तेलाच्या डब्याचे गोल डाग. असे करत सोळा जणांचं जमलं.

चावीवाल्याच्या चौकीतला तक्ता मात्र काही केल्या मिळेना. साथीच्या धामधुमीत कोणी तरी शेगडी पेटवायला वापरला असावा. मुकादम कानाची पाळी धरून म्हणाला, "बाई, देवाशप्पथ मी त्याला हो म्हटलं होतं. आता लिहून देऊ का?"

"आता लिहून काय उपयोग? तेव्हा काय लिहिलंत ते सांगा."

"तेव्हा काही नाही लिहिलं."

चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली. भिंतीवर खिळ्यांना हातभर लांब चाव्या टांगलेल्या, खाली बूट, फावडी, टोपल्या. बाई एका पालथ्या बादलीवर बसल्या. ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं, नेमका तोच माणूस आता बाहेर राहणार असं दिसत होतं. चावीवाला दाराशी उभा होता. तोच त्यांची समजूत घालत म्हणाला, "राहू द्या बाई, बाकीच्यांचं होतंय ना."

"राहू द्या काय? बायको काय बाकीच्यांची आहे?" त्या खेकसल्या. मग जरा खालच्या सुरात विचारलं, "तुम्ही रजेवर जाणार म्हणून बदली कोण येणार होता?"

"टाकीवरचा तो बुटका."

"त्याला इथली माहिती होती?"

"कुठली! त्रेसष्ट व्हॉल्व्ह आहेत माझ्याकडे. काही रस्त्याखाली गेलेत, एक तर न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीखाली आहे. कागदावर कुठेच नाहीत. तीन दिवस फिरवला त्याला, एकेक दाखवला. सही पण घेतली त्याची, उद्या म्हणायला नको की दाखवलं नाही."

बाई बादलीवरून उठल्या. "सही कशावर घेतली?"

चाव्यांच्या नोंदवहीवर. कुठली चावी कोणी नेली, कधी परत ठेवली, एवढंच त्या वहीत असायचं, म्हणून ती कोणी रजेच्या कामी बघितलीच नव्हती. बाईंनी पानं उलटली. सत्तावीस ऑक्टोबर : 'दोन नोव्हेंबरपासून पस्तीस दिवस रजेवर जात असल्याने बदली कामगारास त्रेसष्ट व्हॉल्व्ह दाखविले.' खाली बुटक्याची वेडीवाकडी सही आणि तिच्या शेजारी, 'पाहिले, ठीक', मुकादमाची सही.

"ही तुमची सही ना?" त्यांनी वही मुकादमाच्या नाकाशी नेली.

"माझीच की! रोज करतो मी. वाचून थोडीच करतो."

"यापुढे वाचत जा," बाई म्हणाल्या, आणि आपणही अकरा वर्षांपूर्वी न वाचताच चिकटवलं होतं, हे आठवून त्यांना हसू आलं.

रजा पस्तीस दिवसांची कशी, शिल्लक तर तीसच होती, हा प्रश्न त्यांनी तिथेच विचारला. पाच दिवस तो बिनपगारी घेणार होता. तेवढं सोसायची त्याची तयारी होती. बाईंनी तेही टिपणीत लिहिलं. मुख्यालयानं विचारायच्या आधी आपण सांगितलेलं बरं.

चौतीस जणांचा प्रस्ताव फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मुख्यालयात गेला. उरलेल्या सात जणांकडे काहीच कागद नव्हता. वीस तारखेला प्रस्ताव परत आला. वर शेरा : 'ड्युटीचा तक्ता व चाव्यांची नोंदवही म्हणजे रजामंजुरी नव्हे. सतरा प्रकरणे मान्य. उर्वरित अमान्य.'

बाईंनी शेरा दोनदा वाचला. पाच मार्चला तेरा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची एक दिवसाची रजा टाकली, तक्त्यांची गुंडाळी आणि नोंदवही पिशवीत घातली आणि सकाळच्या बसनं मुख्यालय गाठलं. अधिकारी पस्तिशीचा, चुणचुणीत, टेबलावर एकही कागद वावगा नसलेला. त्यांनी बाईंना दोन तास बाहेर बसवलं. बाई बसल्या. अशा बाकांवर बसणाऱ्यांना त्या एकतीस वर्षं खिडकीच्या दुसऱ्या बाजूनं पाहत आल्या होत्या.

आत गेल्यावर अधिकारी म्हणाले, "तुमची कळकळ समजते, बाई. पण नियम म्हणजे नियम."

"तेच म्हणायला आलेय," बाई म्हणाल्या. "नियम वाचा ना साहेब. मोठ्यानं वाचा."

त्यांनी जरा चमकून पाहिलं, पण वाचलं. "'रजा सक्षम अधिकाऱ्याने आधी लेखी मंजूर केलेली असावी.'"

"कुठल्या नमुन्यात, असं लिहिलंय?"

"नाही."

"मुकादमाला दुसऱ्या कुठल्या नियमानं रजा देण्याचा अधिकार आहे का?"

अधिकाऱ्यांनी दुसरं पुस्तक काढलं. पान शोधायला त्यांना वेळ लागत होता, तेव्हा बाईंनी पानाचा आकडा सांगितला. चाळीस दिवसांपर्यंत आहे, असं निघालं.

"मग लेखी आहे, अधिकारी सक्षम आहे, तारीख आधीची आहे. अजून काय हवं?" त्यांनी तेलाचे डाग पडलेला तक्ता त्या चकचकीत टेबलावर उलगडला. "हे लोक फायली लिहीत नाहीत, साहेब. जिथे काम करतात तिथे लिहितात."

अधिकारी बराच वेळ एकेक सही बघत राहिले. शेवटी म्हणाले, "या वहीची नक्कल साक्षांकित करून द्या." आणि थोड्या वेळानं, "चहा घेणार?"

आदेश तीन मार्चला आला. चौतीस जणांची रजा परत जमा. बाईंनी लाल शब्दावर एक सरळ रेघ ओढली, शेजारी आदेशाचा क्रमांक लिहिला, सही केली. चौतीस वेळा. मग चावीवाल्याला निरोप पाठवला. तो आला तेव्हा अर्ज टाइप होऊन तयार होता.

त्यानं अर्ज वाचला, सही केली. मग म्हणाला, "न्हाव्याच्या पायरीखालचा व्हॉल्व्ह जरा घट्ट आहे, बुटक्याला सांगायला हवं." आणि लगबगीनं जिना उतरून गेला. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. पाच आठवडे त्यानं बायकोला उठवलं, बसवलं, चालवलं. त्याच्या हातचा भात खाऊन आपण लवकर बरी झालो, दुसरा इलाज नव्हता, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

पण सात जण राहिलेच. त्यांत प्रयोगशाळेतली ताई होती. तिचे अकरा दिवस गेले होते. इतरांना बाईंनी कागदावर कळवलं. ताईकडे त्या स्वतः गेल्या.

"तू ऑक्टोबरात अर्ज का नाही केलास?"

"तेव्हा पहिल्या पेठेतले नमुने वाईट यायला लागले होते, बाई," ताई म्हणाली. "मला दिसत होतं काय होणार ते. अशात अर्ज कसा करायचा?"

बाई जिना चढून आपल्या टेबलाशी परत आल्या. ज्यांनी मागितलं त्यांना मिळालं, आणि जिनं आधीच ओळखून मागितलं नाही तिचे दिवस बुडाले. नियमात तिच्यासाठी ओळ नव्हती. त्यांनी दुरुस्त्यांसकट सगळं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं होतं, तरी नव्हती.

तेव्हा त्यांनी नियमात एक ओळ वाढवावी म्हणून प्रस्ताव लिहिला. आणीबाणीच्या कामावर लेखी नेमलेल्या माणसाकडून आधीच्या मंजुरीची अट मागू नये, एवढाच. सोबत ताईच्या अडीच महिन्यांच्या तपासण्यांची यादी जोडली; ती बावीस पानं झाली. साहेबांनी या वेळी न मागता शिफारस लिहिली. सप्टेंबरपासून खात्यात नवी पद्धतही सुरू झाली : रजेचा अर्ज लेखी, पोच लगेच, मुकादमांनी वाचून सही करायची. मुकादम कुरकुरले आणि करू लागले.

प्रस्तावाला अजून उत्तर नाही. दर सोमवारी अकरा वाजता बाई मुख्यालयात फोन लावतात. गेल्या सोमवारी तो चुणचुणीत अधिकारी कंटाळून म्हणाला, "बाई, नियम बदलायचा म्हणजे किती हातांतून कागद जातो, ठाऊक आहे ना? वर्षं लागतील."

"मला निवृत्त व्हायला चार आहेत," बाई म्हणाल्या. "आता कागद कोणाकडे आहे, तेवढं सांगा."

त्यानं नाव सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि फोन ठेवून लगेच दुसरा नंबर फिरवला.